डोमेन कोणाच्या नावावर, नेमसर्व्हर कोणाच्या हाती? वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे डोमेन नावाची नोंदणी आणि नेमसर्व्हरची (डोमेनविषयीच्या चौकशीला उत्तरे देणाऱ्या सर्व्हरची) मांडणी नेमकी कशी तपासावी, याविषयी आहेत. होस्टिंगच्या किंवा रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) पॅनेलवर जे दिसते तेच साऱ्या जगाला दिसत असणार, असे आपण धरून चालतो आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रत्यक्षात नोंदणी रजिस्ट्रीकडे (डॉट कॉमसारख्या शेवटाची सर्व नावे सांभाळणाऱ्या संस्थेकडे) असते, कोणत्या नेमसर्व्हरला विचारायचे ही माहिती वरच्या झोनमध्ये (म्हणजे डॉट कॉमच्या नोंदींच्या संचात) असते आणि अंतिम उत्तर त्या नेमसर्व्हरवरील झोनमध्ये असते. ही तीन ठिकाणे बहुधा तीन वेगवेगळ्या लोकांच्या ताब्यात असतात आणि त्यांच्यातील नोंदी एकमेकींशी जुळत आहेत की नाहीत, हे पाहणारे मध्ये कोणी नसते. म्हणून पुढील उत्तरांत शक्य तिथे, मूळ नोंद ज्याच्याकडे आहे त्यालाच थेट विचारण्याचा मार्ग सांगितला आहे. उदाहरणांसाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव घेतले आहे; ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले नाव आहे.

प्रश्न: आमच्या संस्थेचे डोमेन काही वर्षांपूर्वी संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या व्यक्तीने घेतले होते. ते संस्थेच्या नावावर आहे की त्या व्यक्तीच्या, हे तपासायला गेल्यावर नोंदणीदाराच्या जागी ‘गोपनीयतेसाठी झाकलेले’ असा मजकूर दिसतो. आता खात्री कशी करावी?

उत्तर: पूर्वी हूइज या डोमेनची नोंद शोधण्याच्या सेवेत नोंदणीदाराचे नाव, पत्ता, दूरध्वनी असे सारे काही उघड दिसत असे. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा मे 2018 मध्ये लागू झाल्यानंतर ही वैयक्तिक माहिती बहुतेक ठिकाणी झाकली जाऊ लागली. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या सर्वसाधारण डोमेनांसाठी 28 जानेवारी 2025 पासून हूइज सेवा चालवण्याचे करारातील बंधनही उठले असून तिची जागा आरडीएपी या नव्या पद्धतीने घेतली आहे. ‘लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी’ या पानावर नाव टाकल्यास आरडीएपीमार्फत मिळालेली नोंद वाचता येते. देशांच्या डोमेनांचे नियम त्या त्या रजिस्ट्रीचे असल्याने तिथे चित्र थोडे वेगळे असू शकते.

नाव झाकलेले असले तरी रजिस्ट्रार कोण, नोंदणी केव्हा झाली, मुदत केव्हा संपते, नोंद शेवटची केव्हा बदलली, स्थिती काय आणि नेमसर्व्हर कोणते, एवढे सगळे तिथे उघड असते. यातील रजिस्ट्रारचे नाव सर्वांत महत्त्वाचे, कारण मालकीचा प्रश्न फक्त त्याच्याकडेच सुटतो. ज्या पुनर्विक्रेत्याला आपण पैसे दिले त्याचे नाव आणि नोंदीतील रजिस्ट्रारचे नाव वेगळे निघाले, तर घाबरून जाऊ नये. पुनर्विक्रेते दुसऱ्याच रजिस्ट्रारमार्फत काम करतात.

यापुढची तपासणी खात्यात शिरूनच करावी लागते. खाते कोणाच्या ईमेलवर उघडलेले आहे आणि डोमेनच्या नोंदणीदार या रकान्यात कोणाचे नाव आहे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरे संस्थेच्या बाजूने असायला हवीत. नोंदणीदार म्हणून संस्थेचे नाव आहे, परंतु खाते आणि ईमेल त्या व्यक्तीचे आहे, अशी स्थिती फार वेळा आढळते आणि ती धोक्याचीच आहे, कारण पासवर्ड बदलणे, नेमसर्व्हर बदलणे आणि डोमेन दुसरीकडे हलवणे हे सारे त्या ईमेलवरून होते. एक चाचणी सरळ आहे. हस्तांतरणासाठी लागणारा ऑथ कोड मागावा. डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमांप्रमाणे नोंदणीदाराने मागितल्यावर पाच दिवसांच्या आत तो उपलब्ध करून देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. तो कोड संस्थेच्या हाती आला तर डोमेनवर संस्थेचा ताबा आहे. तो दुसऱ्याच कोणाच्या ईमेलवर गेला तर काय दुरुस्त करायचे ते आपल्याला कळले. मात्र संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नये. डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो आणि सोडवणुकीची सूचना आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

प्रश्न: नोंदीत ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असे लिहिलेले आहे. हा काही दोष आहे का?

उत्तर: नाही. परवानगीशिवाय डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येऊ नये यासाठी लावलेले ते कुलूप आहे आणि ते असावेच. ‘क्लायंट’ने सुरू होणारी स्थिती रजिस्ट्रारने लावलेली असते, ‘सर्व्हर’ने सुरू होणारी रजिस्ट्रीने. काळजी करावी ती ‘क्लायंट होल्ड’ किंवा ‘सर्व्हर होल्ड’ दिसल्यास. होल्ड लागलेले डोमेन नोंदणीकृत राहते, पण वरच्या झोनमधून काढले जाते, त्यामुळे नेमसर्व्हर कितीही नीट असले तरी जगाला ते नाव अस्तित्वातच नाही असे उत्तर मिळते. नव्या नोंदणीनंतर किंवा संपर्क बदलल्यावर आलेल्या पडताळणीच्या ईमेलला 15 दिवसांत प्रतिसाद दिला नाही, तर रजिस्ट्रार असा होल्ड लावू शकतो. संकेतस्थळ अचानक बंद पडले की लोक तासन्‌तास सर्व्हर तपासत बसतात. त्याआधी ही एक ओळ वाचावी.

प्रश्न: डोमेनचे शुल्क भरायचे राहून गेले आहे. रजिस्ट्रारच्या पॅनेलवर मुदत संपल्याचे दिसते, पण बाहेरून तपासल्यावर पुढील वर्षाची तारीख दिसते. शुल्क आपोआप भरले गेले असे समजावे का?

उत्तर: तसे मुळीच समजू नये. डॉट कॉमसारख्या डोमेनांमध्ये मुदत संपण्याच्या दिवशी रजिस्ट्री स्वतःहून नोंदणी एका वर्षाने पुढे ढकलते आणि शुल्क आले नाही तर ती रद्द करण्यासाठी रजिस्ट्रारला 45 दिवसांपर्यंत अवधी देते. आपल्याला बाहेरून दिसणारी पुढील वर्षाची तारीख ही या तात्पुरत्या नूतनीकरणाची आहे. नोंदीत ‘ऑटो रिन्यू पीरियड’ अशी स्थिती दिसत असेल तर शंकेला जागाच उरत नाही. या काळात रजिस्ट्रार नेमसर्व्हर बदलून स्वतःचे पान दाखवू शकतो आणि अशा वेळी लोक नेमसर्व्हर बिघडल्याची तक्रार करतात. रजिस्ट्रारने नोंद रद्द केल्यानंतर 30 दिवसांचा ‘रिडेम्प्शन’ काळ असतो, त्यात जास्त शुल्क देऊन डोमेन परत मिळवता येते. त्यानंतरचे पाच दिवस कोणालाही काही करता येत नाही आणि मग नाव सर्वांसाठी खुले होते. शुल्क आजच भरावे आणि भरल्यावर पॅनेलवरील व बाहेरची अशा दोन्ही तारखा पुन्हा जुळवून पाहाव्यात.

हे केवळ लहान संस्थांचे होते असे नाही. 1999 च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या डोमेनचे 35 डॉलरचे शुल्क भरायचे राहिले, हॉटमेलच्या वापरकर्त्यांना लॉगिन करता येईना आणि कंपनीशी संबंध नसलेल्या एका प्रोग्रामरने स्वतः ते शुल्क भरले तेव्हा अडचण सुटली.

प्रश्न: नवीन होस्टिंगकडे जाताना रजिस्ट्रारच्या पॅनेलवर नेमसर्व्हर बदलले. आज चौथा दिवस आहे. काही जणांना नवीन संकेतस्थळ दिसते, काहींना अजून जुनेच. होस्टिंगवाले ‘प्रोपगेशन होऊ द्या’ एवढेच सांगतात. आणखी किती वाट पाहावी?

उत्तर: चौथ्या दिवशी वाट पाहणे थांबवावे आणि तपासणी सुरू करावी. ‘प्रोपगेशन’ या शब्दामुळे असे वाटते की बदललेली माहिती कोणीतरी जगभर पोहोचवत आहे. तसे काहीही घडत नसते. प्रत्येक इंटरनेट सेवादात्याचा रिझॉल्व्हर (वापरकर्त्यासाठी नावाचा पत्ता शोधून आणणारा सर्व्हर) आधी मिळालेले उत्तर आपल्या कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो आणि त्या उत्तरासोबत आलेली टीटीएलची (उत्तर किती वेळ जपून ठेवायचे याची) मुदत संपली की पुन्हा विचारायला जातो. डॉट कॉमच्या झोनमध्ये नेमसर्व्हरच्या नोंदींची टीटीएल 1,72,800 सेकंद, म्हणजे नेमकी दोन दिवस असते. त्यामुळे दोन दिवसांपर्यंत मिश्र चित्र दिसणे स्वाभाविक आहे. चौथ्या दिवशीही ते तसेच असेल, तर बहुधा कुठेतरी दोन नोंदी एकमेकींशी विसंगत आहेत.

प्रथम वरच्या झोनमध्ये खरोखर काय लिहिले आहे ते पाहावे. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये ‘डिग’ या कमांडला अधिक चिन्ह लावून ‘ट्रेस’ हा पर्याय आणि पुढे आपले डोमेन द्यावे. उत्तर टप्प्याटप्प्याने उलगडते. आधी रूट सर्व्हरची (सर्वांत वरच्या पातळीवरच्या सर्व्हरची) तेरा नावे येतात, त्याखाली डॉट कॉमच्या सर्व्हरची ‘ए’पासून ‘एम’पर्यंतची तेरा नावे येतात, आणि त्याखालच्या तुकड्यात डॉट कॉमचा एक सर्व्हर सांगतो की एक्झाम्पल डॉट कॉमसाठी अमुक नेमसर्व्हरला विचारा. हा तिसरा तुकडा म्हणजे वरच्या झोनने केलेली सोपवणूक. इथे दोन नवीन नावांच्या जोडीला एखादे जुने नाव राहिलेले दिसले, तर निदान झालेच. रजिस्ट्रारच्या पॅनेलवर चार रकाने असतात, पहिले दोन बदलले जातात आणि तिसऱ्या-चौथ्यातील जुनी नावे तशीच राहतात. मग प्रत्येक रिझॉल्व्हर कधी नव्याला तर कधी जुन्याला विचारतो. एक सावधगिरी मात्र घ्यावी. काही कार्यालयीन नेटवर्कवर नावांच्या चौकशीसाठीच्या 53 क्रमांकाच्या पोर्टवरची सर्व वाहतूक मध्येच अडवून स्थानिक रिझॉल्व्हरकडे वळवली जाते, तिथे ट्रेसचे उत्तर भरवशाचे नसते. शंका असल्यास दुसऱ्या जोडणीवरून तीच तपासणी करावी.

सोपवणूक बरोबर असेल, तर तिसऱ्या तुकड्यात आलेल्या प्रत्येक नेमसर्व्हरला स्वतंत्रपणे विचारावे. डिगमध्ये ‘ॲट’ चिन्हानंतर त्या नेमसर्व्हरचे नाव, मग आपले डोमेन आणि ‘एनएस’ (नेमसर्व्हरची नोंद) हा प्रकार, आणि ‘नोरिकर्स’ हा पर्याय द्यावा, म्हणजे तो इतर कोणाला न विचारता स्वतःपुरतेच उत्तर देतो. विंडोजवर ‘एनएसलुकअप’मध्ये प्रकार एनएस ठरवून शेवटी नेमसर्व्हरचे नाव लिहिता येते. डिगच्या उत्तरात वरच्या बाजूला ‘फ्लॅग्ज’ची ओळ असते. तीत ‘एए’ ही अक्षरे असली, तर तो नेमसर्व्हर आपल्या डोमेनबद्दल अधिकाराने बोलतो आहे. ‘एए’ नसले, किंवा स्थितीच्या जागी ‘रिफ्यूज्ड’ अथवा ‘सर्व्हफेल’ आले, तर वरच्या झोनने ज्याच्याकडे बोट दाखवले त्याला हे डोमेन माहीतच नाही. नवीन होस्टिंगवर झोन तयारच झालेला नसतो किंवा दोनपैकी एकाच सर्व्हरवर झालेला असतो, तेव्हा हे घडते. रिझॉल्व्हर उत्तर देणारा सर्व्हर शोधून काढतो, म्हणून संकेतस्थळ पूर्ण बंद न पडता अधूनमधून अडखळत राहते आणि दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. नवीन होस्टिंगकडे तक्रार करताना हे उत्तर जसेच्या तसे चिकटवावे. ‘चालत नाही’ या शब्दांवर जे काम होत नाही ते अशा चार ओळींवर होते.

याच उत्तरात दुसरी एक गोष्ट पाहावी. वरच्या झोनने दिलेली नेमसर्व्हरची यादी आणि नेमसर्व्हरने स्वतः दिलेली यादी एकच असली पाहिजे. नवीन होस्टिंगने झोन तयार करताना जुन्या झोनची नक्कल केली असेल, तर तिच्या आतील एनएस नोंदी जुन्याच राहतात. बहुतेक रिझॉल्व्हर झोनच्या आतील यादीला अधिक मान देतात, आणि मग नवीन सर्व्हरच त्यांना पुन्हा जुन्याकडे पाठवत राहतो. तिथे जुना सर्व्हर अजून उत्तरे देत असेल, तर कॅशेची मुदत संपली तरी काहींना जुने संकेतस्थळ दिसत राहते. आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून मला सर्वाधिक संशय याचाच वाटतो. त्यावर उपाय म्हणजे नवीन झोनमधील एनएस नोंदी दुरुस्त करणे, जुन्या सर्व्हरवरील झोनमध्येही नवीनच नावे लिहून घेणे आणि काही दिवसांनी जुना झोन काढायला सांगणे. यानंतर प्रत्येक नेमसर्व्हरकडून एसओए ही झोनची प्राथमिक माहिती देणारी नोंद मागवून तिच्यातील अनुक्रमांक जुळतो का ते पाहावे. एकाच झोनच्या दोन सर्व्हरवर वेगवेगळे अनुक्रमांक बराच वेळ टिकून राहिले, तर दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरकडून बदल उचलत नाही असे समजावे. मोठ्या पुरवठादारांकडे हा अनुक्रमांक वेगळ्या पद्धतीने चालतो, तिथे प्रत्यक्ष नोंदीच ताडून पाहाव्यात.

प्रश्न: नेमसर्व्हर बदलल्यापासून संकेतस्थळ काही नेटवर्कवर नीट उघडते आणि काहींवर अजिबात उघडत नाही. आपण सांगता तशा सर्व नोंदी जुळतात. मग अडचण कुठे असेल?

उत्तर: डीएनएसेकच्या, म्हणजे नेमसर्व्हरच्या उत्तरांवर डिजिटल स्वाक्षरी करण्याच्या पद्धतीच्या, डीएस नोंदीत. जुन्या पुरवठादाराने झोनवर डिजिटल स्वाक्षरी केलेली असेल, तर त्याच्या किल्लीचा ठसा डीएस नोंदीच्या रूपाने वरच्या झोनमध्ये असतो. नेमसर्व्हर बदलले तरी ती नोंद आपोआप जात नाही. जे रिझॉल्व्हर स्वाक्षरी तपासतात त्यांना नवीन उत्तरे जुन्या ठशाशी जुळत नसल्याने बनावट वाटतात आणि ते ‘सर्व्हफेल’ देतात. जे तपासत नाहीत त्यांच्याकडे सारे सुरळीत चालते. खात्री करण्यासाठी गूगलच्या 8.8.8.8 या रिझॉल्व्हरला आपले नाव विचारावे आणि मग तोच प्रश्न ‘सीडी’ हा पर्याय लावून, म्हणजे स्वाक्षरी तपासू नको असे सांगून, पुन्हा विचारावा. पहिल्या वेळी सर्व्हफेल आणि दुसऱ्या वेळी योग्य उत्तर आले, तर दोष स्वाक्षरीतच आहे. रजिस्ट्रारकडून डीएस नोंद काढून घ्यावी. डॉट कॉममध्ये तिची टीटीएल एक दिवसाची असते, तेवढी वाट पाहावी लागेल. पुढील वेळी क्रम असा ठेवावा की आधी डीएस काढायची, तिची टीटीएल उलटू द्यायची, मग नेमसर्व्हर बदलायचे आणि नवीन पुरवठादाराकडे स्वाक्षरी सुरू झाल्यावर नवी डीएस नोंदवायची. या अडचणीमुळे अनेक जण डीएनएसेक कायमचे बंद करून टाकतात. तसे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: आमचे नेमसर्व्हर आमच्याच डोमेनमध्ये, ‘एनएस1 डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’ अशा धर्तीच्या नावांनी आहेत. सर्व्हरचा आयपी पत्ता बदलल्यावर झोनमध्ये तो दुरुस्त केला, तरी डोमेन बंद पडले.

उत्तर: नेमसर्व्हरचे नाव त्याच डोमेनमध्ये असले, की त्याचा पत्ता शोधण्यासाठी त्यालाच विचारावे लागेल असा पेच निर्माण होतो. तो सोडवण्यासाठी वरच्या झोनमध्येच त्या नावाचा आयपी पत्ता लिहून ठेवलेला असतो. त्याला ग्लू रेकॉर्ड म्हणतात. आपण झोनमधील पत्ता बदलला, पण ग्लू जुनाच राहिला. रजिस्ट्रारच्या पॅनेलवर ‘होस्ट’ किंवा ‘चाइल्ड नेमसर्व्हर’ अशा नावाचा वेगळा विभाग असतो, तिथे तो बदलावा. मग डॉट कॉमच्या एखाद्या सर्व्हरला थेट विचारून उत्तराच्या ‘ॲडिशनल’ भागात नवा पत्ता आला का ते पाहावे. तो आल्यावरही किमान दोन दिवस जुन्या पत्त्यावरचा सर्व्हर चालू ठेवावा.

प्रश्न: दोन नेमसर्व्हर पुरेसे आहेत का?

उत्तर: संख्येपेक्षा ते कुठे आहेत हे महत्त्वाचे. 1997 च्या आरएफसी 2182 या दस्तऐवजात नेमसर्व्हर वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या नेटवर्कवर ठेवण्याची शिफारस आहे. जानेवारी 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टची संकेतस्थळे दीर्घकाळ अनुपलब्ध झाली होती, तेव्हा त्यांचे चारही नेमसर्व्हर एकाच नेटवर्कवर होते आणि एका राउटरच्या चुकीच्या मांडणीने चौघांपर्यंतची वाट बंद झाली. आपल्या दोन्ही नेमसर्व्हरची नावे वेगळी असूनही ती एकाच आयपी पत्त्यावर जात नाहीत ना, एवढे आधी पाहावे. हे आढळते आणि तेव्हा दोन नावे असून उपयोग नसतो. फायरवॉलमध्ये 53 क्रमांकाचे पोर्ट यूडीपीबरोबर टीसीपीसाठीही उघडे असावे, अन्यथा मोठी उत्तरे, विशेषतः स्वाक्षऱ्यांसह येणारी, पोहोचत नाहीत.

प्रश्न: एकदा सर्व जुळल्यावर पुन्हा तपासण्याची गरज आहे का? आणि संकेतस्थळ व्यवस्थित चालू असताना कोणता दोष राहू शकतो?

उत्तर: गरज आहे, आणि संकेतस्थळ चालू असताना राहणारा दोषच सर्वांत घातक ठरू शकतो. जानेवारी 2025 मध्ये उघडकीस आले, की एका मोठ्या पेमेंट-कार्ड कंपनीच्या डोमेनच्या एका भागासाठी असलेल्या पाच नेमसर्व्हरपैकी एकाच्या नावात शेवटी ‘डॉट नेट’ऐवजी ‘डॉट एनई’ असे लिहिले गेले होते. शेवटचे एक अक्षर गळले होते. ‘एनई’ हे नायजर या देशाचे डोमेन आहे आणि ते चुकीचे नाव तिथे कोणालाही नोंदवता आले असते. उरलेले चार सर्व्हर बरोबर उत्तरे देत असल्याने हा दोष सुमारे साडेचार वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही. ज्या सुरक्षा-संशोधकाला तो सापडला त्याने गैरवापर होऊ नये म्हणून ते नाव स्वतःच नोंदवून घेतले. 2017 मध्ये तर ‘डॉट आयओ’ या संपूर्ण डोमेनच्या सात नेमसर्व्हरपैकी चारांची नावे एका संशोधकाला सर्वसामान्य ग्राहकाप्रमाणे विकत घेता आली होती.

म्हणून सोपवणुकीच्या यादीतील प्रत्येक नाव अक्षर-अक्षर वाचावे, आणि ते नेमसर्व्हर ज्या डोमेनमध्ये आहेत त्या डोमेनची नोंदणीही आरडीएपीमध्ये उघडून तिची मुदत व स्थिती पाहावी. पुरवठादाराचे ते डोमेन निसटले, तर ज्याच्या हाती ते जाईल तो आपल्या डोमेनसाठी हवी ती उत्तरे देऊ शकतो आणि त्या आधारे ईमेलही स्वतःकडे वळवू शकतो. ज्या पुरवठादाराचे खाते आपण बंद केले आहे त्याचा नेमसर्व्हर यादीत एक दिवसही ठेवू नये, कारण काही सेवांमध्ये तेच डोमेन दुसरा कोणी स्वतःच्या खात्यात जोडून घेऊ शकतो. उपडोमेने वेगळ्या नेमसर्व्हरकडे सोपवलेली असतील, तर प्रत्येक उपडोमेनसाठी ही तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. वर सांगितलेला पेमेंट-कार्ड कंपनीचा दोषही एका उपडोमेनमध्येच होता. वर्षातून दोनदा, आणि पुरवठादार, आयपी पत्ता किंवा स्वाक्षरीची किल्ली बदलल्यावर लगेच, अशी तपासणी करणे पुरेसे आहे.